पुस्तकात नसलेली गर्टी

ऐक ना मारामा, मध्ये बोलू नकोस, आधी नुसतं ऐक. कॉफी गार झाली तर दुसरी आणते मी तुला, पण पूर्ण ऐकल्याशिवाय उठायचं नाही.

माझ्या घोट्यावरचा टॅटू माहितीये ना? लाल टोपी घातलेली वाम, ती सापासारखी लांब मासळी? अगं तूच तर होतीस शेजारी! मी तुझा हात इतका दाबला की तू त्या टॅटूवाल्या पोरीला म्हणालीस, आधी माझ्या बोटांना पट्टी बांध. आणि मग विचारलंस, ही बया कोण. मी म्हटलं, ही गर्टी, माझ्या सगळ्यात लाडक्या पुस्तकातली, क्यूबा स्ट्रीटच्या खाली पाइपाच्या वळणावर बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला टोमणे मारते. आठवलं?

तर गर्टी त्या पुस्तकात नाहीये. एका ओळीतसुद्धा नाहीये!

थांब, हसू नकोस, नीट पहिल्यापासून सांगते.

ते पुस्तक म्हणजे 'बुजलेले ओढे'. आपल्याच वेलिंग्टनची गोष्ट. रस्ते बांधताना जे ओढे पाइपात घालून पुरले ना, ते सगळे म्हणजे एकमेकींच्या बहिणी असतात, आणि त्यांना परत एकदा समुद्र बघायचा असतो. आरो व्हॅलीतली टिल्डा नावाची मुलगी फुटपाथवर कान लावते तर तिला खालून बोलणं ऐकू येतं. मग ती चेंबरचं झाकण उघडून खाली जाते, आणि खाली अख्खा बाजार! आणि एक नकाशेवाला, जो नकाशातून ओढे खोडत चाललाय. त्यानं खोडलं की ओढा मरतो.

हे पुस्तक मला बाबानं वाचून दाखवलं. आई तिकडे नेल्सन शहरात निघून गेली तेव्हा मी सहा वर्षांची. बाबा ड्रेनेजच्या कामावरून यायचा, अर्धा तास त्या पिवळ्या साबणानं हात घासायचा, तरी त्याला थोडा वास यायचाच. मग आम्ही टोस्टवर बीन्स घालून खायचो, आणि मग पुस्तक. माझ्या पलंगाच्या कडेवर बसून. आवाज कसले काढायचा माहितीये! नकाशेवाला म्हणजे नाक दाबून. ओढे म्हणजे कुजबुजत, सगळे एकदम. आणि गर्टी म्हणजे न्यूटाउनच्या मासळीवाल्या म्हातारीचा आवाज, "काय गं ए, पाय पुसून ये, पाइप आत्ताच धुतलाय!" मी लोळून लोळून हसायचे.

आणि तीन थापा. ते तर सगळ्यात भारी. टिल्डा खाली उतरायच्या आधी झाकणावर पहारीनं तीन थापा देते, स्वतःचं नाव सांगते आणि थांबते. खालून कुणीतरी नाव घेऊन उत्तर देईपर्यंत पाऊल टाकायचं नाही. बाबा पलंगाच्या लाकडावर तीनदा ठोकायचा, "नेव्हिल टोलहर्स्ट!" आणि मी पांघरुणाच्या आतून ओरडायचे, "ब्रायनी, ऐकतेय!" मगच पान उलटायचं.

आता तू म्हणशील, मोठी झाल्यावर स्वतः का नाही वाचलंस? अगं मी कुठे वाचते! तुला माहितीये माझं. अक्षरं जागेवर थांबतच नाहीत. चौथीत बाईंनी बाबाला बोलावून सांगितलं डिस्लेक्सिया आहे म्हणून. घरी येऊन बाबा धुतलेली भांडी परत धुवत बसला. मला वाटलं माझ्यामुळे त्याला वाईट वाटलं. तेव्हापासून मी सगळं कानांनीच वाचते. पण या एका पुस्तकाचं कुणी ऑडिओबुक काढलंच नव्हतं. म्हणून माझ्यासाठी ते पुस्तक म्हणजे बाबाचा आवाज, बस.

आणि मग या फेब्रुवारीत कळलं की आपलं टेकडीवरचं छोटं रेडिओ स्टेशन त्याचं नाटक करतंय! दहा भाग, दर रविवारी दुपारी चारला, चर्चच्या हॉलमध्ये बसून पोरांनी केलेलं. मी कामावर किंचाळले. माझी बॉस म्हणाली, "कोण गेलं?"

मी बाबाला फोन केला. "बाबा, रविवारी मी गरम गरम स्कोन भाजते, तू लोणी काढून ठेव, आपण दोघं ऐकायचं!"

तर म्हणतो काय, "रविवारी मला पन्हाळं साफ करायचंय."

"चार वाजता?"

"चारलाच ऊन बरं असतं."

पहिल्या रविवारी खरंच शिडी लावून छपरावर चढला. मी खिडकी उघडून रेडिओ मोठा केला तर वरून ओरडतो, "शेजाऱ्यांना त्रास होईल!" मला वाटलं, हेवा वाटतोय याला. आपल्या गोष्टीला दुसऱ्या कुणी आवाज दिलेला सहन होत नाहीये. गंमत वाटली मला, जरा गोडही वाटलं. म्हणून दुसऱ्या रविवारी मी शिडीच लपवली. बागेतली खुर्ची आत आणली, त्याला बसवलं, हातात मग दिला. बसला बिचारा, दातांच्या डॉक्टरकडे बसतात तसा, खुर्चीच्या टोकावर.

आणि मारामा, काय केलंय गं त्यांनी ते! पाण्याचा आवाज असा की पायांना गार लागावं. टिल्डाचं काम करणाऱ्या पोरीचा आवाज जरा फाटका, अगदी हवा तसा. तिसऱ्या भागापासून बाबा खुर्चीत मागे टेकून बसायला लागला. चौथ्यात तो मला म्हणतो, "शू, स्कोन नंतर चाव." पाचव्या भागात कळतं की नकाशेवाला म्हणजे टिल्डाचा स्वतःचा आजोबा, तर बाबा एकदम, "अरे देवा!" चहा मांडीवर सांडला त्याच्या. मी म्हटलं, "बाबा, नाटकं पुरे, तुला माहीत नव्हतं का?" तो म्हणाला, "विसरलो होतो गं. किती वर्षं झाली." आणि पॅन्ट पुसत आत गेला, आणि आतून ओरडतो, "जाहिरात संपली की हाक मार!"

पण मी मात्र आतून धुमसत होते. कारण या लोकांनी सगळं बदललं होतं! गर्टी नाही. थापा नाहीत, टिल्डा सरळ झाकण उचलते आणि आत. आमच्या पुस्तकात नकाशेवाला आजोबा नव्हताच मुळी, तो एक मुकादम होता, दुसऱ्यांच्या डब्यातलं सँडविच खाणारा. आणि बाजारात बुटांच्या बदल्यात गाणी विकणारा माणूस, तोही गायब. आणि फॅन लोकांच्या ग्रुपवर बघावं तर काय चाललंय, "शब्द न् शब्द पुस्तकाप्रमाणे! एक वाक्य बदललं नाही!" मी म्हटलं, या लोकांनी कधी पुस्तक उघडलंय का?

हो, हस. हसून घे.

मी फोनमध्ये बोलून बोलून हे एवढं लांब पत्र पाठवलं रेडिओला. अठरा मुद्दे. काय काय गाळलंत, का गाळलंत, लेखिकेला कळलं तर तिला काय वाटेल. शेवटी लिहिलं, "तीन थापा नसतील तर टिल्डाला खाली जायचा हक्कच नाही."

दोन दिवसांनी त्यांच्या पेट्राचा आवाजी निरोप आला. नाटक तीच बसवते. फार छान बाई, आवाजातच हसू. म्हणाली, "ब्रायनी, तुझं पत्र वाचून आम्ही घाबरून पुस्तक तीनदा तपासलं. यातलं एकही त्यात नाहीये. आम्ही लेखिकेलाही फोन केला, तिलाही माहीत नाही. पण तुझं पत्र मी हॉलमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं आणि थापांपाशी आले तेव्हा सगळे म्हणाले, हे परत वाच. हे लिहिलंय कुणी? शेवटच्या भागात टिल्डा परत खाली जाते, तिथे आम्हाला हे वापरायचंय. लेखिका हो म्हणालीये. फक्त ज्याचं आहे त्याचं नाव आणि परवानगी हवी, गुरुवारपर्यंत."

मी तो निरोप पाच वेळा ऐकला.

शनिवारी बाबा क्लबच्या हिरवळीवर बोल्स खेळायला गेल्यावर त्याच्या घरी गेले. पुस्तक अजून तिथेच होतं, कपाटात, जॅमचा डाग पडलेलं. जमिनीवर बसले आणि फोनचा कॅमेरा धरून एकेक पान वाचून घेतलं. ती फोनमधली मेली बाई ज्या सुरात बसचं वेळापत्रक वाचते त्याच सुरात टिल्डाला वाचत होती. पण वाक्यं तीच गं, रेडिओवरची. शब्द न् शब्द. आजोबासकट.

मला आधी वाटलं, बाबा मधे मधे मालमसाला घालायचा असेल, सगळेच बाप घालतात. पण मालमसाला कसला, सुरुवातीची वीस पानं सोडली तर अख्खी गोष्टच वेगळी होती! आणि ती वीस पानं म्हणजे काय, तर मागच्या कव्हरवर लिहिलंय, दुकानदार पुस्तक विकताना सांगतो, तेवढंच. आणि प्रकरणांवरची चित्रं.

तिथून उठले आणि बाजारात सेफोकाकाकडे गेले. तुला माहितीये सेफोकाका, बाबाबरोबर तीस वर्षं खाली उतरलेला, शनिवारी न्यूटाउनच्या बाजारात अळकुड्या विकतो तो. मी विचारलं, "काका, झाकणावर तीन थापा द्यायच्या, नाव सांगायचं, हे काय असतं?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं! "ते तुला कुणी सांगितलं? ते आमच्या टोळीचं आहे, पोरी. फक्त आमच्या पाच जणांचं. आमच्यातला लॉइड एकदा खाली असताना कुणीतरी वरून झाकण लावून जेवायला गेलं, तेव्हापासून. ऑफिसलाही माहीत नव्हतं."

"आणि गर्टी?"

आता तो इतका मोठ्यानं हसला की शेजारची पाववाली वळून बघायला लागली. "गर्टी! जिवंत आहे का गं म्हातारी? क्यूबा स्ट्रीटखाली वळणावर बसायची ती वाम, माझ्या मांडीएवढी जाड. तुझा बाप रोज तिला सँडविचचा तुकडा टाकायचा. आमचा मुकादम चिडायचा, कारण त्याला ते सँडविच स्वतःला हवं असायचं."

मी हसले. तोही हसत होता. आणि हसता हसता, अळकुड्या पिशवीत भरता भरता सहज म्हणाला, "डोक्यात काय काय चालायचं आमच्या नेवच्या, तुझ्या बापाच्या! पण फॉर्म आला की, सेफो, चष्मा विसरलो रे, भर तू. तीस वर्षं मीच भरले त्याचे सगळे फॉर्म."

मारामा, बाबाला चष्माच नाहीये.

मी तिथेच उभी राहिले पिशवी धरून. एकेक आठवायला लागलं. हॉटेलात मेनू आला की, "तू घेशील तेच मला." शाळेचं पत्र आलं की, "तूच वाच, तुझा सराव होईल." वाढदिवसाचं कार्ड बघून, "वा, सुंदर," आणि लगेच फळीवर. अगं हे सगळं मी पण करते! हेच शब्द! मला वाटायचं मी शोधून काढलेत. मी ते त्याच्याकडूनच शिकले होते. आणि माझ्याकडे निदान चौथीतल्या बाई होत्या, फोन होता. त्याच्याकडे कुणी नव्हतं. सहा वर्षांच्या पोरीला रोज संध्याकाळी गोष्ट हवी होती, आणि त्यानं पान उलटून उलटून, कामावरचा आख्खा दिवस माझ्या पुढ्यात ओतला, पुस्तक म्हणून.

आणि पाचव्या भागातलं ते "अरे देवा!" ते नाटक नव्हतं गं. बाबा ती गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होता.

आता मला सांग, पेट्राला काय सांगायचं? हे माझ्या वडिलांचं आहे, त्यांनी रचलं? म्हणजे बाबाला विचारायला हवं. म्हणजे बाबाला कळणार की मला कळलंय. साठ वर्षं ज्या माणसानं बायकोला, ऑफिसला, पोरीला पत्ता लागू दिला नाही, त्याला मी रेडिओच्या एका थापेसाठी उघडं पाडायचं? आणि नाही सांगितलं तर त्याचं जे आहे ते कुणाच्याच नावावर नाही.

बुधवारी गेले. तो कोबीच्या वाफ्यात वाकलेला. मी म्हटलं, "बाबा, रेडिओवाले शेवटच्या भागात तीन थापा घेतायत."

त्याचा हात मातीतच थांबला. वर बघितलं नाही त्यानं. मानेमागून लाल झालेला दिसला मला.

"कुठल्या थापा?" म्हणाला.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पुस्तकातल्या. आपल्या पुस्तकातल्या. पण त्यांना नीट देता येत नाहीत. पोरं आहेत ना ती, झाकण कसं वाजतं त्यांना काय ठाऊक. तू देशील वाजवून?"

त्यानं हाताची माती पुसली. मग उठला, गुडघे झटकले. "पुस्तकात आहे ना ते," म्हणाला. विचारलं की सांगितलं, मला कळलं नाही.

"आहे," मी म्हटलं.

"मग नीट द्यायला हव्यात."

गुरुवारी पेट्रा माइक घेऊन आली. बाबानं शेडमधून पहार काढली, अंगणातल्या चेंबरच्या झाकणापाशी उभा राहिला, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, अगं ड्रेनेजच्या झाकणासाठी इस्त्री! तीन थापा. कसला आवाज होता तो, छातीत वाजला. मग खणखणीत, "नेव्हिल टोलहर्स्ट!" पेट्रा आनंदानं म्हणाली, "झालं, मस्त!" तर बाबा तिच्यावर खेकसला, "थांबा हो बाई, झालं कुठे! उत्तर यायचंय." आणि माझ्याकडे बघितलं. चोवीस वर्षांची घोडी मी, पेट्रासमोर, भर दुपारी, "ब्रायनी, ऐकतेय!" अशी ओरडले!

शेवटचा भाग परवाच्या रविवारी झाला. थापा आल्या तेव्हा बाबा हसला नाही, रडला नाही, नुसतं बशीतला स्कोनचा चुरा बोटानं गोळा करत राहिला. शेवटी नावं सांगतात ना, त्यात आलं, झाकणावरच्या थापा, नेव्हिल टोलहर्स्ट. 'थापा' म्हणून, बरं का. 'कल्पना' म्हणून नाही. ते मीच पेट्राला तसं सांगितलं. ती दोनदा विचारत होती, नक्की ना? मी म्हटलं, नक्की.

इथपर्यंत मला वाटत होतं, ब्रायनी, काय हुशार गं तू. कसं निभावलंस.

मग बाबानं रेडिओ बंद केला, कपाटाकडे गेला, पुस्तक काढलं. म्हणाला, "पुन्हा वाचून दाखवू का? पहिल्यापासून?"

अगं काय सांगू. म्हणजे मी इतकी खूश! मी सोफ्यावर पाय वर घेतले, उशी पोटाशी धरली. त्यानं पुस्तक उघडलं, घसा साफ केला आणि वाचायला लागला. बोट ओळीवर ठेवून.

आणि ते रेडिओचं होतं.

वाक्य न् वाक्य, मारामा. दहा रविवार मन लावून ऐकून त्यानं ते पाठ केलं होतं. टिल्डाच्या फाटक्या आवाजाची नक्कल, जिथे त्या पोरीनं श्वास घेतला तिथेच श्वास. नाक दाबलेला नकाशेवाला नाही, बुटांच्या बदल्यात गाणी नाहीत, सँडविच नाही. क्यूबा स्ट्रीटचं वळण आलं आणि तो सरळ पुढे गेला. इतक्या काळजीनं वाचत होता गं, शाळेत बाईंसमोर उभं राहून वाचतात तसा, एक शब्द चुकू नये म्हणून. त्याला वाटत होतं की आता कुठे तो मला खरी गोष्ट देतोय. आधीची ती चूक होती.

आणि मला त्याच्या हातातलं पुस्तक हिसकावून फेकून द्यावंसं वाटत होतं. ओरडावंसं वाटत होतं, बाबा, ही नको, तुझी सांग, तुझीच चांगली होती. पण हे म्हणायचं म्हणजे बाकीचं सगळंही म्हणायचं.

मी ते म्हटलं नाही. पहिलं प्रकरण संपेपर्यंत मान हलवत बसले. शेवटी तो म्हणाला, "आता बरोबर वाचलं ना?" आणि मी म्हटलं, "हो बाबा, अगदी बरोबर."

येत्या रविवारी दुसरं प्रकरण आहे. चारलाच. तो लोणी काढून ठेवणारे.

बोल की आता, इतका वेळ गप्प बसलीस ती. माझ्या जागी असतीस तर तू काय केलं असतंस?